सीलबंद खलित्याचा जासूद

जुन्या लॅपटॉपमध्ये लिनक्स ही कार्यप्रणाली हौसेने घालणाऱ्या गृहस्थाची एक तक्रार हमखास ऐकू येते. पडदा उजळतो, कळफलक चालतो, आवाजही येतो. वाय-फायचा तेवढा पत्ता नसतो. कार्ड जागच्या जागी आहे. यंत्राने ते ओळखलेही आहे. त्याचा उत्पादक कोण, क्रमांक कोणता, हे यादीत बिनचूक लिहिलेले आहे. परंतु आसपासच्या जाळ्यांपैकी एकाचेही नाव दिसत नाही. दुरुस्तीला न्यावे तर ‘कार्ड गेले, नवे घाला’ असा सल्ला मिळावयाचा आणि माणूस निमूटपणे पैसे मोजावयाचा. पुष्कळदा ते जुने कार्ड अगदी धडधाकट असते. यंत्र सुरू होतेवेळी कार्यप्रणाली स्वतःची एक नोंदवही लिहीत असते. ती उघडून पाहिली तर तीत एक ओळ सापडते. तिचा मराठी अर्थ असा की, अमुक नावाचे फर्मवेअर भरता आले नाही, दोष वजा दोन. हा वजा दोन म्हणजे ‘या नावाची फाईल येथे नाही’ एवढाच निरोप. कार्ड सूचनेची वाट पाहत बसलेले असते आणि सूचना पोहोचलेली नसते.

ही सूचना म्हणजे काय, ती कार्डातच का नसते, तिला कोण घेऊन येतो, आणि ती लिहिणारा धनीच निघून गेला तर कोणाचे काय बिघडते, याचा विचार आजच्या भाषणात करावयाचा आहे. हैदराबादच्या श्रोत्यांना त्यात विशेष गोडी वाटावी असे एक उदाहरण याच शहराशी निगडित आहे. त्याकडे वळण्यापूर्वी थोडी पूर्वपीठिका सांगणे अवश्य आहे.

नेटवर्क कार्ड म्हटले की तार अडकविण्याची एखादी खुंटी आपल्या डोळ्यांपुढे येते. वस्तुतः आजचे वाय-फाय कार्ड हा एक स्वतंत्र, लहानसा संगणकच असतो. त्याला स्वतःचा प्रोसेसर असतो, स्वतःची थोडी स्मृती असते आणि रेडिओ असतो. असे का करावे लागले ते एका गोष्टीवरून ध्यानात येईल. वाय-फायवरून संदेशाचा एखादा तुकडा आला म्हणजे तो मिळाल्याची पोच घेणाऱ्याने ताबडतोब धाडावयाची असते. हे ‘ताबडतोब’ नियमाने ठरलेले आहे : २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १० मायक्रोसेकंद आणि ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात १६. मायक्रोसेकंद म्हणजे सेकंदाचा दहा लाखावा भाग. लॅपटॉपचा मुख्य प्रोसेसर त्या क्षणी पडद्यावर चित्र रेखाटण्यात किंवा डिस्क वाचण्यात गुंतलेला असावयाचा. त्याला सवड मिळेतो थांबावे, तर पाठविणारा तुकडा हरवला असे समजून तो पुन्हा धाडू लागेल. म्हणून पोच देणे, वेग कमीजास्त करणे, हवा मोकळी आहे की नाही हे पाहणे अशी घाईची कामे कार्डावरच उरकली जातात, आणि त्यांपैकी बरीचशी कार्डाच्या प्रोसेसरवर चालणाऱ्या एका कार्यक्रमाच्या देखरेखीखाली होतात. या कार्यक्रमालाच फर्मवेअर म्हणतात. हा शब्द ॲशर ऑप्लर यांनी १९६७ साली ‘डेटामेशन’ या नियतकालिकात योजिला. हार्डवेअर कठीण, सॉफ्टवेअर मऊ, आणि या दोहोंच्या मध्ये बसणारे ते ‘फर्म’. ऑप्लर यांच्या मनात त्या वेळी प्रोसेसरच्या पोटातील सूक्ष्म आज्ञा होत्या. शब्दाचा अर्थ पुढे पसरत गेला.

मग हा कार्यक्रम कारखान्यातच चिपमध्ये कोरून का पाठवीत नाहीत? पूर्वी तसे करीत, आजही काही कार्डांत करतात. परंतु सिलिकॉनमध्ये कायमची कोरलेली चूक दुरुस्त करावयाची तर चिपच फेकून द्यावी लागते, आणि वाय-फायसारख्या गुंतागुंतीच्या विषयात चुका निघाल्यावाचून राहत नाहीत. पुसून पुन्हा लिहिता येणारी फ्लॅश स्मृती कार्डावर बसवावी, तर तिला जागा लागते आणि पैसा लागतो. एका कार्डामागे तो पैसा थोडा असेल. परंतु उत्पादक लाखांनी कार्डे विकतो आणि त्याचा हिशेब लाखांनीच होतो. शिवाय ज्या यंत्रात हे कार्ड बसावयाचे त्याच्याजवळ डिस्क असतेच. तेव्हा त्याने असे ठरविले की, कार्डावर स्वस्त आणि विसराळू स्मृती तेवढी ठेवावी, कार्यक्रम यजमानाच्या डिस्कवर राहू द्यावा, आणि यंत्र सुरू होईल त्या त्या वेळी यजमानाने तो कार्डाला शिकवावा. वीज बंद झाली की कार्ड सारे विसरते. दुसऱ्या दिवशी पाटी कोरी असते आणि धडा पुन्हा पहिल्यापासून सुरू होतो.

धडा देण्याचे काम ड्रायव्हरचे. कार्यप्रणालीचा जो गाभा सदैव स्मृतीत राहून सर्व उपकरणांवर हुकमत चालवितो त्याला कर्नल म्हणतात, आणि एकेका जातीच्या उपकरणाची भाषा जाणणारा कर्नलचा जो सेवक तो ड्रायव्हर. त्याची स्थिती समजावयास आपल्या इतिहासातील एक माणूस उपयोगी पडेल. पेशवाईच्या उत्तरकाळात गोविंदराव काळे हे निजामाच्या दरबारी पुण्याचे वकील होते. पुण्याचे खलिते घेऊन जासूद यावयाचे. अशा जासुदाला वाट ठाऊक असे, नदीला उतार कोठे आहे ते ठाऊक असे, कोणाच्या हाती खलिता द्यावयाचा हेही ठाऊक असे. आत काय लिहिले आहे याच्याशी त्याला कर्तव्य नसे. ड्रायव्हरही तसाच आहे. खलिता कोणत्या नावाचा, कार्डाच्या कोणत्या दाराने द्यावयाचा, पोच कशी घ्यावयाची, हे तो जाणतो. खलित्यातील मजकूर त्याला कळत नाही. उपमा येथपर्यंतच चालते. काळ्यांनी खलिता फोडला म्हणजे मोडी जाणणारा कोणीही तो वाचू शके. फर्मवेअरचा खलिता फोडला तर आत आकड्यांचे अरण्य लागते, आणि मूळ मजकूर उत्पादकाच्या तिजोरीत असतो.

प्रत्यक्ष व्यवहार असा चालतो. कार्ड जोडले गेले की ते आपल्या उत्पादकाचा क्रमांक आणि स्वतःचा क्रमांक सांगते. त्यावरून कर्नल योग्य तो ड्रायव्हर निवडतो. ड्रायव्हरजवळ फर्मवेअरचे फक्त नाव असते. ते नाव घेऊन तो कर्नलजवळ मागणी करतो. लिनक्समध्ये या मागणीचे नावच ‘रिक्वेस्ट फर्मवेअर’ असे आहे. कर्नल डिस्कवरील ठराविक जागा धुंडाळतो : ‘लिब’ या निर्देशिकेत ‘फर्मवेअर’ नावाची उपनिर्देशिका असते, तीत प्रथम ताज्या प्रतींचा कप्पा, मग त्या कर्नलच्या आवृत्तीपुरता कप्पा, आणि मग सर्वसाधारण कोठार. फाईल सापडली की कर्नल ती स्मृतीत आणून ड्रायव्हरच्या हवाली करतो. ड्रायव्हर ती कार्डात उतरवितो आणि आपल्या हातातील प्रत परत करतो. सापडली नाही, तर मघाचा तो वजा दोन.

ही सोय लिनक्समध्ये २००३ साली आली. त्यापूर्वी अनेक ड्रायव्हर-लेखक फर्मवेअरच्या आकड्यांची लांबलचक माळ आपल्या लेखनातच ओवून टाकीत. त्यात अडचण होती ती केवळ लांबीची नव्हे. लिनक्सच्या परवान्याचा आग्रह असा की, जे वाटावयाचे त्याची मूळ, माणसाला वाचता येण्याजोगी संहिताही द्यावयाची. आणि ही माळ तर कोणालाच वाचता येत नव्हती. मानुएल एस्त्रादा सायन्झ या स्पॅनिश कार्यकर्त्याने फर्मवेअर कर्नलच्या बाहेर ठेवून मागणीप्रमाणे आत आणण्याची व्यवस्था रचली. पुढच्याच वर्षी, २००४ साली, रस्त्यावरील अपघातात त्याचा अंत झाला. आज जगातील कोट्यवधी यंत्रे रोज सकाळी त्याने आखलेल्या वाटेनेच आपल्या कार्डांना धडे देतात. त्याचे नाव त्यांपैकी फारच थोड्यांना ठाऊक असेल. २००८ साली डेव्हिड वुडहाऊस यांनी या सर्व फाईलींसाठी ‘लिनक्स-फर्मवेअर’ नावाचे स्वतंत्र कोठार उघडले, आणि निरनिराळ्या उत्पादकांचे खलिते तेथे एकत्र राहू लागले.

आरंभीच्या व्यवस्थेत कर्नल स्वतः डिस्कवर फाईल शोधीत नसे. तो बाहेरील एका मदतनीस कार्यक्रमाला हाक मारी. मदतनीस प्रथम ‘१’ हा आकडा लिहून भरणी सुरू झाल्याचे कळवी, मग फाईलचा मजकूर ओती, शेवटी ‘०’ लिहून काम संपल्याची ग्वाही देई. उत्तर न आल्यास कर्नल ६० सेकंद खोळंबून राही. २०१२ साली मदतनीसाच्या कामाचा क्रम बदलला आणि मोठी पंचाईत उद्भवली : ड्रायव्हर फर्मवेअरची वाट पाहत थांबे, आणि मदतनीस ड्रायव्हर स्थानापन्न होण्याची वाट पाहत थांबे. ‘पहले आप’ म्हणत दाराशी खोळंबलेल्या दोन नवाबांची गोष्ट आपल्याकडे सांगतात, तशातला हा प्रकार. त्याच वर्षाअखेरीस आलेल्या ३.७ या आवृत्तीपासून कर्नल स्वतःच डिस्कवर जाऊन फाईल उचलू लागला. जी गोष्ट हातच्या हाती होते तिच्यासाठी दोघांत संभाषण कशाला, हा विचार मला तरी शहाणपणाचा वाटतो.

एक अडचण मात्र अद्यापि माणसाला बुचकळ्यात टाकते. यंत्र सुरू होताना डिस्क ताब्यात येण्यापूर्वीच काही ड्रायव्हर जागे होतात. ते फर्मवेअर मागतात तेव्हा कोठाराचे दार उघडलेले नसते. म्हणून प्रारंभीच्या लहान गाठोड्यात, ज्याला इनिट्रॅमएफएस म्हणतात त्यात, गरजेपुरत्या फाईली आधीच बांधून द्याव्या लागतात. फाईल डिस्कवर दिसते आहे आणि तरी नोंदवहीत वजा दोन, असे कोडे पडले तर हे गाठोडे तपासावे.

आता हैदराबादकडे येऊ. वेंकट मट्टेला यांनी २००१ साली रेडपाइन सिग्नल्स ही कंपनी स्थापिली. तिची मुख्य कचेरी कॅलिफोर्नियातील सॅन होझे येथे होती आणि अभियांत्रिकीचे मोठे केंद्र हैदराबादेत. कमी वीज खाणाऱ्या वाय-फाय चिपा हा तिचा विषय. तिच्या आरएस-९११३ या चिपेत वाय-फायबरोबर ब्लूटूथ आणि झिगबी यांचीही सोय होती. २०१४ साली या कंपनीचा ड्रायव्हर लिनक्सच्या मूळ संहितेत दाखल झाला. त्याचे नाव आरएसआय-९१एक्स. एसडीआयओ आणि यूएसबी अशा दोन वाटांनी तो चिपेशी बोलतो. त्याची संहिता खुली आहे, आणि जासूद खलिता कसा पोहोचवितो हे पाहावयाचे तर तिच्याइतके बोलके उदाहरण शोधून सापडणार नाही; कारण त्यात दोन पिढ्यांच्या दोन रीती आहेत.

पहिल्या पिढीची रीत सरळ, किंबहुना थोडी दांडगाईची होती. ड्रायव्हर प्रथम चिपेच्या आतील प्रोसेसरला जागच्या जागी थोपवून धरी. मग फर्मवेअरचे तुकडे करून ते एकामागून एक थेट चिपेच्या स्मृतीत लिहून टाकी. सर्व लिहून झाले की प्रोसेसरची पुढील आज्ञा कोठून वाचावयाची हे दाखविणारा काटा शून्यावर आणून ठेवी, आणि मग हात काढून घेई. प्रोसेसर शून्यापासून वाचू लागे आणि ते फर्मवेअर चालू होई. झोपलेल्या माणसाच्या खिशात चिठ्ठी सारून त्याला हलवून जागे करावे, तसे हे काम. चुकीची फाईल असली तर चिप तशीच मुकाट राहावयाची. तिला तक्रार करावयासही जीभ नसे.

आरएस-९११३ मध्ये रीत सुधारली. चिपेत एक लहानसा कोरीव कार्यक्रम, म्हणजे बूटलोडर, कायमचा असतो. त्याला फारसे काही येत नाही. पण खलिता विचारून घेणे तेवढे येते. ड्रायव्हर त्याला एकेका अक्षराच्या आज्ञा देतो आणि तोही एकेका अक्षरात उत्तरे देतो. या मॉड्यूलजवळ फर्मवेअर साठविण्याची फ्लॅश असते. म्हणून जुनी प्रत शाबूत आहे की नाही, याची बेरीज-तपासणी आधी होते. ती उतरली तर नवे काही लिहावयाचे कारणच नाही. ‘आहे ते सुरू कर’ एवढी आज्ञा पुरते. नाही उतरली, तर लेखन सुरू होते. चिपेत ४,०९६ बाइटांच्या दोन खोल्या केलेल्या असतात, एकीचे नाव पिंग, दुसरीचे पाँग. ड्रायव्हर एक भाग पिंगमध्ये भरतो; बूटलोडर तो उचलून आत लावीत असतानाच पुढचा भाग पाँगमध्ये पडतो. खोली मोकळी झाली की बूटलोडर तसे कळवितो, आणि सर्व मजकूर संपल्यावर ड्रायव्हर समाप्तीचे अक्षर पाठवितो. विहिरीवर दोन बादल्या आलटून पालटून वापरल्या म्हणजे शेंदणाराही थांबत नाही आणि नेणाराही थांबत नाही, तीच ही युक्ती. फाईल ४०० किलोबाइटांहून मोठी निघाली तर ड्रायव्हर ती घेण्याचेच नाकारतो.

फर्मवेअर चालू झाले की चिपेचे पहिले बोल येतात : ‘कार्ड सज्ज आहे.’ यानंतर ड्रायव्हर आरंभीची परिमाणे पाठवितो, आणि चिपेच्या कायम स्मृतीतून तिचा ४८ बिटांचा पत्ता वाचून घेतो. नाव कायमचे, शिकवण रोजची, अशी ही वाटणी आहे. मग रेडिओचे घटक बेतशीर लावले जातात, आणि सर्वांत शेवटी ड्रायव्हर कर्नलला सांगतो की, आता या कार्डाची नोंद करावयास हरकत नाही. आपल्या पडद्यावर शेजाऱ्यांच्या वाय-फायची नावे दिसू लागतात ती यानंतर. आणखी एक मौज : या चिपेसाठी कोठारात एकच फाईल नाही. नुसते वाय-फाय हवे तर एक, वाय-फायबरोबर ब्लूटूथ हवे तर दुसरी, चिपेलाच इतरांना जोडून घेणारे केंद्र व्हावयाचे असेल तर तिसरी. चिप तीच, खलिता बदलला की तिचा व्यवसाय बदलतो.

२०२० साली अमेरिकेतील सिलिकॉन लॅब्ज या कंपनीने रेडपाइनचा वाय-फाय व ब्लूटूथचा व्यवसाय ३० कोटी ८० लाख डॉलरला विकत घेतला. हैदराबादचे केंद्रही त्या व्यवहारात गेले. शहराच्या दृष्टीने ही नामुष्कीची गोष्ट खासच नव्हे. येथील कामाची किंमत जगाने मोजली, असेच म्हणावे लागेल. परंतु लिनक्समधील त्या ड्रायव्हराचे पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. कर्नलच्या संहितेबरोबर एक वही असते. कोणत्या भागाची काळजी कोण वाहतो हे तीत लिहिलेले असते. रेडपाइनच्या ड्रायव्हरापुढे पूर्वी सांभाळणाऱ्यांची नावे होती. पुढे ती गेली आणि त्या जागी ‘ऑर्फन’, म्हणजे अनाथ, असा शेरा पडला.

आता या अनाथाची कथा दोन भागांत विभागते. ड्रायव्हर खुला असल्यामुळे, तो ज्यांच्या यंत्रांत वापरला जात होता अशा बाहेरच्या अभियंत्यांनी २०२० नंतरही त्यातील दोष शोधले आणि दुरुस्त्या पाठविल्या. ब्लूटूथ जोडीला असताना मधूनच आरंभ फसणे, निरोपाची मुदत चुकीची धरली जाणे, असले ते दोष होते. कंपनीची परवानगी लागली नाही, तिची सवड पाहावी लागली नाही. परंतु हाच दोष खलित्याच्या आत असता तर? कोठारातील बहुतेक फाईलींचा परवाना असा असतो की, त्या जशाच्या तशा वाटाव्यात. मूळ संहिता मिळत नाही, आणि फेरफाराची मुभा बहुधा नसते. जासूद आजारी पडला तर गावकरी त्याची शुश्रूषा करू शकतात. खलित्यातील अक्षर चुकले असेल तर गावकऱ्यांनी काय करावे? धनी जिवंत असेल, त्याला त्या जुन्या मालात स्वारस्य उरले असेल, तरच सुधारलेला खलिता यावयाचा. लोकांच्या हातातील लाखो कार्डांचे आयुष्य अशा रीतीने दुसऱ्याच्या मर्जीवर ठरते, आणि विकत घेताना ही गोष्ट कोणी आपणांस सांगत नाही.

हे भय काल्पनिक नव्हे. २०१७ साली नितय अर्टेन्स्टाइन या संशोधकाने ब्रॉडकॉमच्या वाय-फाय चिपांच्या फर्मवेअरमधील एक छिद्र उघडकीस आणले. त्याला ‘ब्रॉडपन’ असे नाव पडले. फोनधारकाने कशावरही बोट न ठेवता, जवळपासचा दुष्ट माणूस हवेतूनच त्या चिपेचा ताबा घेऊ शकेल, असा तो दोष होता. ॲपलचे फोन आणि अँड्रॉइडचे असंख्य फोन त्याच्या तडाख्यात येत होते. दोन्हीकडून त्याच वर्षीच्या जुलैपर्यंत दुरुस्त्या निघाल्या. परंतु ज्या जुन्या फोनांना नवा खलिता धाडावयास कोणी उरलेच नव्हते, त्यांना ही दुरुस्ती कधी मिळालीच नाही.

उत्पादकांची बाजूही ऐकली पाहिजे. ते म्हणतात, रेडिओने किती शक्तीने आणि कोणत्या कंप्रतेवर बोलावे याचे सरकारी निर्बंध असतात. मजकूर खुला केला तर कोणीही ते मोडील. यात तथ्य नाही असे नाही. तथापि देशोदेशीचे हे निर्बंध लिनक्समध्ये एका स्वतंत्र, वाचता येण्याजोग्या कोष्टकावरून तयार होतात. २०१८ च्या जानेवारीत आलेल्या ४.१५ या आवृत्तीपासून ते कोष्टकही फर्मवेअरच्याच वाटेने कर्नलमध्ये येते, आणि कर्नल त्यावरील सही पडताळून पाहतो. त्याच वर्षी भारत सरकारने ५ गिगाहर्ट्झमधील विस्तृत पट्टे परवान्यावाचून वापरावयास मोकळे केले. असा बदल झाला की कोष्टकातील काही ओळी बदलावयाच्या. मजकूर उघडा, सही पक्की, असे जेथे जमले तेथे निर्बंधांचे काही बिघडलेले दिसत नाही. फर्मवेअर खुले होऊ शकते याचीही उदाहरणे आहेत. अथेरॉसच्या जुन्या यूएसबी चिपेसाठी ‘कार्ल-९१७०’ हे खुले फर्मवेअर तयार झाले, आणि एआर-९२७१ या लोकप्रिय चिपेचे फर्मवेअर कंपनीने २०१३ साली आपण होऊन खुले केले. तशा उदाहरणांची संख्या अद्यापि बोटांवर मोजण्याइतकीच आहे, हे खेदाने म्हणावे लागते.

या प्रश्नाने डेबियनसारख्या तत्त्वनिष्ठ मंडळींनाही पेचात टाकले होते. डेबियन ही स्वयंसेवकांनी चालविलेली लिनक्सची आवृत्ती. ज्याची मूळ संहिता खुली नाही ते आमच्या अधिकृत चकतीवर ठेवावयाचे नाही, हा तिचा बाणा. बाणा थोर, पण त्याचा परिणाम असा होई की, ज्या लॅपटॉपला तारेचे छिद्रच नाही त्यात डेबियन घालताना वाय-फाय चालत नसे, आणि वाय-फाय चालविणारी फाईल आणावयाची तर वाय-फायवाचून गत्यंतर नसे. किल्ली पेटीत आणि पेटीला कुलूप! अखेर २०२२ साली सभासदांनी मतदान करून असले फर्मवेअर एका वेगळ्या, स्पष्ट नावाच्या विभागात ठेवून अधिकृत चकतीबरोबर देण्याचे ठरविले, आणि १० जून २०२३ रोजी निघालेल्या बाराव्या आवृत्तीपासून ते अमलात आले. काहींना ही तडजोड बोचली. माझ्या मते, खुले काय आणि बंद काय याची पाटी लावून का होईना, माणसाचे यंत्र चालू करून देणे अधिक बरे. विंडोजमध्ये हा प्रश्न जाणवत नाही, कारण तेथे फर्मवेअर बहुधा ड्रायव्हराच्याच गाठोड्यातून येते. खलिता आला कधी आणि पोहोचला कधी, याची वार्ताही घरधन्याला नसते.

तेव्हा ज्यांच्या घरी असा मुका लॅपटॉप पडून असेल त्यांनी कार्ड बदलण्यापूर्वी एवढे करून पाहावे. कर्नलची नोंदवही दाखविणारी ‘डीमेसेज’ ही आज्ञा चालवावी, तिच्या उत्तरात ‘फर्मवेअर’ हा शब्द शोधावा, आणि जी फाईल सापडली नाही म्हणून लिहिले असेल तिचे नाव कागदावर उतरून घ्यावे. नाव अक्षरशः उतरावे. एका अक्षराचा फरक पडला तरी खलिता दुसऱ्याचा ठरतो. मग मोबाइल फोन यूएसबीच्या तारेने लॅपटॉपला जोडून फोनचेच इंटरनेट तात्पुरते वापरावे. या वाटेसाठी वेगळे फर्मवेअर बहुधा लागत नाही. आपल्या लिनक्सच्या आवृत्तीत ज्या गाठोड्यात ती फाईल असेल ते बसवावे आणि यंत्र पुन्हा सुरू करावे. एखाद्या अनोळखी ठिकाणाहून सुटी फाईल उचलून कोठारात टाकू नये. बहुतेक कार्डांच्या बाबतीत कर्नल स्वतः सही तपासीत नाही, हे ध्यानात ठेवावे. ज्यांना हे एकट्याने जमणार नाही असे वाटते त्यांनी ‘स्वेच्छा’ या हैदराबादच्या मुक्त सॉफ्टवेअर संस्थेच्या कार्यकर्त्यांना विचारावे. आणि नवे कार्ड घ्यावयाचेच झाले, तर किंमत विचारण्याआधी त्याच्या चिपेचे नाव विचारून घ्यावे, आणि कर्नलच्या त्या वहीत तिच्या ड्रायव्हरापुढे कोणाचे नाव आहे, की ‘ऑर्फन’ हा शेरा आहे, तेवढे घरी पाहून मगच दुकानात जावे.